गोसेगोचा दगड आणि कराचा परतावा

सोमवार, २४ जून

रक्तदाब १५२/९४.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली आणि बजावलं, रोज सकाळी आकडे लिहायचे, बाकी काही नको. वही हातात आल्यावर नुसते आकडे लिहिणारा माणूस मी नव्हे. चाळीस वर्षं पाणीखात्यात बोअरचे पंप दुरुस्त केले आणि रोजच्या रोज अहवाल लिहिला. सवय जात नाही.

आज टिरो येऊन बसला. माझ्या बायकोचा, गोसेगोचा, धाकटा भाऊ, माझा मेहुणा. एक चहा घेतला, दुसरा घेतला, मग घसा खाकरून म्हणाला, "दाजी, ताईला जाऊन पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. कबरीवर अजून लोखंडी सांगाडा आणि हिरवी जाळी. लोक मला विचारतात."

"लोकांना काही कामधंदा नाही का?"

"मुलांचा मामा मी आहे. रितीप्रमाणे दगडावरचं कांबळं मी ओढायचं. मला नाही विचारणार तर तुमच्या शेळ्यांना विचारतील?"

मी सांगितलं, पहिल्या वर्षी गुरं आजारी होती, दुसऱ्या वर्षी तंबूवाला मिळाला नाही, यंदा दगड सरहद्दीपलीकडून झीरस्टहून आणायचाय. तिकडं काळा ग्रॅनाइट चांगला मिळतो.

"मग आणताय कसा, पायी ढकलत?" म्हणाला. लहानपणापासून आगाऊ आहे. पण शेवटी वीस जुलैचा शनिवार ठरवूनच उठला. जाताना शेजारपाजारच्या चार घरी सांगत गेला, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. माझा काय संबंध माघारीशी?

गुरुवार, ४ जुलै

१५८/९६. मशीन जुनं झालंय.

झीरस्टच्या दगडवाल्याला फोन केला. नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल सांगितलं. तो म्हणाला, "कोरायच्या आधी कागदावर नमुना पाठवतो, नजर टाका."

"आमच्यात बघत नाहीत."

"अहो रा," तो आदरानं म्हणाला, "कोरलेला दगड बघत नाहीत. कागद सगळे बघतात."

"मी नाही बघत." शिवाय त्याला ताकीद दिली की मी पोचायच्या आधी दगड कांबळ्यात बांधून तयार ठेवायचा. दारात गेलो आणि समोर नाव दिसलं असं व्हायला नको. ठरल्या सकाळी टिरो कांबळं ओढेल, तेव्हाच सगळ्यांनी वाचायचं. त्याआधी घरच्यांची नजर पडणं बरं नव्हे. रीत म्हणजे रीत.

खाली दोन शब्द कोरायचे का, असं त्यानं विचारलं. म्हटलं, नाव पुरे.

मंगळवार, ९ जुलै

१५५/९५.

दगडावरचा पंधरा टक्के कर परत घ्यायचाच, हे माझं ठरलंय. तिकडं घेतलेली वस्तू देशाबाहेर नेताना नाक्यावर दाखवायची, बिल आणि पासपोर्ट द्यायचा, फॉर्म भरायचा, शिक्का घ्यायचा. मग पैसे मागाहून येतात. आपल्या बाजूला आल्यावर आपला कर भरावाच लागतो, मग त्यांचा त्यांच्याकडं का सोडायचा?

हे मी नव्हे, गोसेगो म्हणायची. महिन्याला एकदा तिकडं खरेदीला जायचो. साबण, रंग, शाळेचे बूट, एकदा शिवणयंत्र. परतताना मी गाडीत बसून कुरकुरायचो, "चल ना बाई, ऊन चढतंय." ती बिलांची चळत घेऊन रांगेत उभी. खिडकीमागच्या माणसाला मुलाबाळांची नावं विचारायची. तासाभरानं फॉर्म वाऱ्यावर हलवत यायची आणि गाडीत बसताना म्हणायची, "झालं, चला आता, तोंड सरळ करा." ते फॉर्म हलवणं मला फार आवडायचं. तिला कधी बोललो नाही.

टिरोला सांगितलं तर डोक्याला हात लावला. "दाजी, कबरीच्या दगडावर परतावा? चारचौघांत बोलू नका."

"ताई असती तर तिनं सोडला असता का?"

"ताई असती तर दगड कशाला लागला असता?"

म्हणाला आणि त्याचाच चेहरा पडला. मग आम्ही दोघांनी गोठ्याचं दार दुरुस्त केलं.

बुधवार, १७ जुलै

१६८/१०१. दोनदा मोजलं, तेच.

उद्या जायचं. बिलावर माझं नाव आणि पत्ता हवा, तो दगडवाल्याला चार वेळा सांगितला. पासपोर्ट, त्याची प्रत, प्रतीची प्रत. टिरो येणार नाही, त्याला गाय बघायला जायचंय. बरंच झालं. रस्ताभर टोमणे ऐकायला नकोत.

गुरुवार, १८ जुलै

आज दाब मोजायला सवड नव्हती. पण बाकीचं लिहून ठेवतो, उद्या हे मलाच खरं वाटायचं नाही.

पहाटे निघून दहाला झीरस्ट गाठलं. दगड सांगितल्याप्रमाणे राखाडी कांबळ्यात बांधून, दोरीनं आवळून दारात ठेवलेला. दोन पोऱ्यांनी पिकअपमध्ये चढवला. खाली गादी मी घरूनच नेली होती. बिल घेतलं, नाव-पत्ता तपासला आणि निघालो.

मागच्या काचेची फट उघडी ठेवली. का ठेवली, तर बोलता यावं म्हणून. आता वहीपासून काय लपवायचं? झीरस्टपासून नाक्यापर्यंत मी तिच्याशी बोलत आलो. शेळ्यांचं सांगितलं. आपल्या लेकाची, थुसोची, बदली परत ओरापाच्या खाणीवर झाली ते सांगितलं. माझ्या हातची आंबील कधी आंबतच नाही आणि कधी इतकी आंबते की कुत्रंही तोंड फिरवतं, तेही. बिस्किटांच्या डब्याची झाकणं कुठं ठेवलीस म्हणून रागावलो. चर्चमधलं गाणं म्हटलं, माझ्या आवाजात, म्हणजे तिला तोंड दाबून हसावं लागलं असतं. आणि तीन वेळा तारीख का पुढं ढकलली, तेही सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

नाक्यावर परताव्याच्या रांगेत सहाजण. माझी पाळी आली. खिडकीत जाड शाल पांघरलेली बाई, छातीवर नावाची पट्टी, मोगोत्सी. कागद बघितले, खूश झाली. "रा, असे कागद आणणारा माणूस महिन्यातून एकदा येतो. चला, वस्तू दाखवा."

"वस्तू बांधलेली आहे."

"सोडा की मग."

"सोडता येणार नाही. कबरीचा दगड आहे. बायकोचा."

बाईनं पेन खाली ठेवलं. मागं एकजण मायक्रोवेव्हचं खोकं कवटाळून उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, उघडा ना पटकन, माझा फ्रिज बाहेर उन्हात उभा आहे." त्याच्याकडं असं बघितलं की तो खोक्यामागं गेला.

म्मा मोगोत्सी बाहेर आली. हळू आवाजात म्हणाली, "रा, मी न बघता शिक्का मारला तर उद्या कुणीही धोंडा गुंडाळून आणेल. बघणं हेच माझं काम आहे. नाहीतर परतावा सोडून द्या आणि सुखानं जा. कुणी काही म्हणणार नाही."

सोडून द्यायला पाहिजे होता. पण ज्या खिडकीवर ती एकदाही सोडून आली नाही, तिथून मी तिच्याच दगडाचा सोडून जाऊ? टिरोला फोन लावला.

"दाजी, सोडा हो तो परतावा!"

"नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

म्मा मोगोत्सीनं हात पुढं केला, फोन घेतला, स्पीकरवर टाकला. टिरोनं तिला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"लेहुरुत्शेची. आमच्याकडंही मामाच ओढतो."

मग टिरो म्हणाला, "मी मामा आहे, मी परवानगी देतो. तुम्ही एकट्यानं बघा. हात धुऊन बघा. आणि ताईला सांगून बघा. दाजींना पाठ करून उभं करा."

तिनं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. टोपी काढली, शाल डोक्यावरून घेतली. मी झेंड्याच्या खांबाकडं तोंड करून उभा राहिलो. मागून तिचा आवाज आला, "म्मा, रागावू नका. मी सरकारी बाई आहे. एक कोपरा बघते आणि लगेच झाकते." दोरी सैल केल्याचा आवाज आला.

"रा, तुमच्या पत्नीचं वय काय होतं?"

"एकसष्ट."

"आणि नाव गोसेगोच ना?"

"बिलावर आहे की. का?"

"रा, वळू नका, पण ऐका. हा दगड नऊ वर्षांच्या मुलीचा आहे."

मी वळलो. कांबळं तोवर तिनं झाकलं होतं. मुलीचं नाव ओनालेन्ना. मी झीरस्टपासून गोसेगो समजून जिच्याशी बोलत आलो, ती ही.

दगडवाल्याला फोन तिनंच लावला. तो आधी नाही म्हणाला, मग वही चाळली, मग त्याचा आवाज बारीक झाला. सकाळी सातला मोलेपोलोलेचं एक कुटुंब दगड घेऊन गेलं होतं. तशाच राखाडी कांबळ्यात बांधलेला. त्यांचीही तारीख शनिवारचीच. त्यांनीही उघडून बघितला नाही, मीही नाही. कोण बघणार? आणि मी तर कागदावरचा नमुनाही नाकारला होता. ही चूक दगडवाल्याची निम्मी आणि माझी निम्मी.

"म्हणजे माझा दगड..."

"तुमचा दगड सकाळीच न दाखवता देशाबाहेर गेला," म्मा मोगोत्सी म्हणाली. "त्यावर मला आता शिक्का मारता येत नाही, रा. वाईट वाटतं मला."

मी भांडणार होतो. दगडवाल्याची चूक, मला का भुर्दंड? पण पिकअपकडं नजर गेली. मागं नऊ वर्षांची पोर गादीवर पडलेली, परवा तिच्या मामानं सगळ्या गावादेखत कांबळं ओढायचं, आणि खालून निघणार एकसष्ट वर्षांची बाई. पैशावर भांडायला वेळ होता कुठं? दगडवाल्याकडून त्या घरचा पत्ता आणि नंबर घेतला, मुलीच्या आईला फोन केला, दोरी पुन्हा आवळली आणि निघालो. आपल्या बाजूच्या नाक्यावर काय झालं, किती उभं राहिलो, आठवत नाही.

गॅबोरोनवरून मोलेपोलोलेला वळलो तेव्हा काचेची फट उघडीच होती. गप्प बसवेना. अनोळखी पोरीला काय सांगावं? मग तिला बोअरचा पंप कसा चालतो ते सांगितलं. पाणी जमिनीत किती खोल असतं, दांडा वरखाली का होतो, हवा शिरली की पंप कसा खोकतो. सगळं.

चारला घर सापडलं. अंगणात बायका गाणी म्हणत होत्या. मुलीची आई पुढं आली. ओनालेन्नाची आई म्हणून सगळे तिला म्मा-ओनालेन्नाच म्हणतात, मीही तेच म्हटलं. फोनवर तिनं माझं ऐकलं होतं, पण पटलं नव्हतं. "रा, माझी मुलगी आत आहे. सकाळपासून मी तिच्याजवळ बसलेय. तुमचा काहीतरी घोटाळा झालाय."

"उघडून बघा."

"तिचा मामा उद्या येईल. त्याआधी नाही. तुम्ही तुमचा उघडा."

"मलाही उघडता येत नाही. पण नाक्यावरच्या बाईनं बघितलंय."

"तिनं बघितलं, मी नाही."

असे दोघं उभे. दोघांकडं परक्याचा दगड आणि उघडायचा कुणीच नाही. तिची म्हातारी आई खुर्चीतून ओरडली, "मग काय शनिवारपर्यंत असंच उभं राहायचं ठरवलंय?"

तेव्हा मला सुचलं. पंपाच्या खड्ड्यात उतरलं की नट दिसत नाही. चाळीस वर्षं मी बोटांनी चाचपून नट ओळखले. म्हटलं, "डोळ्यांनी बघायची मनाई आहे ना? हात घालायची तर नाही?"

म्हातारीनं जरा विचार केला. म्हणाली, "तसं कुणी सांगितल्याचं ऐकलं नाही बाई."

मला आत नेलं. खोलीत चटईवर दगड होता, भोवती बायका बसलेल्या. त्या सरकल्या. मी गुडघ्यांवर बसलो, दोरी सैल केली, डोळे मिटले आणि हात कांबळ्याखाली घातला. दगड गार होता. कोरलेल्या इंग्रजी अक्षरांवरून बोटं फिरवत गेलो. पहिलं अक्षर गोल, शेवटी आत वळलेलं. दुसरं पुरतं गोल. तिसरं नागमोडी. मला पुढं जायचं नव्हतं. देवाशपथ सांगतो, तिथंच हात काढून, "माझा नाही," म्हणून उठावं आणि घरी निघून जावं असं वाटलं. मग पुढं गेलो. चौथं, उभ्या दांड्याला तीन आडव्या रेघा. पुन्हा पहिलं. पुन्हा गोल. गोसेगो.

मी तिथंच बसून रडलो. तीन वर्षांत रडलो नव्हतो, ते परक्या बायकांच्या घोळक्यात. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. कोण होती, बघितलं नाही.

मग म्मा-ओनालेन्ना माझ्याबरोबर पिकअपपाशी आली. तिनंही डोळे मिटले, हात घातला. तिला वेळ लागला नाही. पहिल्याच अक्षरावर तिचे ओठ हलले. तिनं हात बाहेर काढलाच नाही, तशीच गाडीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "आम्ही सकाळपासून तुमच्या बायकोसाठी गायलो. आईनं तर तिला ओरडा दिला, इतक्या लवकर का गेलीस म्हणून."

"तिला चालेल. शाळेत चौथीची बाई होती. ओरडा तिनंच सगळ्यांना दिलाय. कुणीतरी द्यायला हवाच होता."

ती हसली. मग मला सांगावंच लागलं. "बाई, मीही तुमच्या मुलीशी बोलत आलो. माझी बायको समजून. झीरस्टपासून."

"काय बोललात?"

"काही नाही, घरचं."

"नाही रा, सांगा. सगळं सांगा."

म्हणून सांगितलं. शेळ्या, आंबील, डब्याची झाकणं. गाणंही म्हणून दाखवायला लावलं तिनं, निदान एक ओळ. आणि तीन वेळा तारीख का ढकलली, तेही सांगितलं. की दगड बसला की मला गोसेगोची वाट बघता येणार नाही. अजून कधीतरी दार ढकलून येईल असं रोज वाटतं, आणि दगडावर नाव बघितलं की ते बंद होईल. म्हणून गुरं आजारी पाडली, तंबूवाला पळवला.

"मी चार वर्षं लावली," ती म्हणाली. "मी पावसाचं कारण सांगायचे."

मग तिनंच विचारलं, "आणि तिची ओळख पटल्यावर? नाक्यापासून इथवर?"

"पंप कसा चालतो ते सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही."

तिनं तोंडावर हात घेतला. "तिला ते आवडलं असेल. प्रश्न फार विचारायची. माझं डोकं खायची, हे कसं चालतं, ते कसं चालतं." मग म्हणाली, "म्हणजे वाटेत ती एकटी नव्हती."

"नव्हती."

चार पुरुषांनी दगडांची अदलाबदल केली. म्हातारीनं चहा आणि पिठाच्या गरम तळलेल्या माग्विन्या खायला घातल्याशिवाय निघू दिलं नाही. अंधार पडता पडता मोचुडीला घरी पोचलो. येताना मात्र बोललो नाही. बोटांना दगडाचा गारवा होता, तेवढा पुरला.

शुक्रवार, १९ जुलै

१४४/९०.

टिरोला सगळं सांगितलं. आधी हसून हसून खाली बसला, मग उठून बाहेर गेला, बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "परतावा गेला म्हणता? आता तंबूचे मी देतो. नाही म्हणू नका दाजी, आज तरी नाही म्हणू नका."

नाही म्हटलं नाही. दुपारी गवंड्यानं दगड बसवला, झाकूनच. बायका मोठाल्या हंड्यांत मांस शिजवतायत आणि मला स्वयंपाकाजवळ फिरकू देत नाहीत.

शनिवार, २० जुलै

उजाडता उजाडता सगळे कबरीपाशी जमलो. जुलै म्हणजे आमच्याकडं ऐन हिवाळा, थंडी अशी की पाद्रीबुवांच्या तोंडातून वाफ निघत होती. टिरोनं कांबळं धरलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि ओढलं. बायकांनी आरोळ्या दिल्या. मग मामानं वाचून दाखवायचं असतं. टिरोनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आगाऊ पोरगं, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं. खांदे हलायला लागले त्याचे.

"दाजी," म्हणाला, "तुम्ही वाचा."

मी पुढं झालो. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं. वाचलं, मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. गोसेगो मोत्लाटला. तिचं जन्माचं साल वाचलं. गेल्याचं साल वाचलं. मी पडलो नाही. घरचं दार आता कुणी ढकलणार नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी उभा होतो.

तेव्हाच मनात आलं की याच घटकेला मोलेपोलोलेत त्या पोरीचा मामा कांबळं ओढत असेल. म्हणून तिचंही नाव घेतलं. ओनालेन्ना. तेवढ्याच मोठ्यानं.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागून कुणीतरी विचारलं, "ही कोण हो?"

"पोर आहे एक, नऊ वर्षांची," मी म्हटलं. "आमच्या हिनं सांभाळायची आहे."